इसाबेलबायच्या बरणीतलं पाणी

पाहुणा आला की त्याला आधी बाहेरच्या खोलीत बसवतात, पाणी देतात, मग चहाचं विचारतात. माझं तसं नाही. मी कुठल्याही घरात शिरलो की मला थेट ओट्यापाशी नेतात. वसई-विरारमध्ये बावीस वर्षं मी आरओची यंत्रं बसवली आणि दुरुस्त केली. कुणाच्या ओट्यावर काय शिजतं, कुणाच्या सिंकमध्ये कालची भांडी पडलेली असतात, कोणत्या घरात सासू-सुनेचं बोलणं बंद आहे, हे मला त्या घरच्या जावयाच्या आधी कळायचं. यंदा गुडघ्यांनी हात टेकले आणि मी काम सोडलं. संपादकांनी सांगितलं, अनुभव लिहा, लोकांना मजा वाटेल असं काही लिहा. मजेचे किस्से माझ्याकडे पोत्यानं आहेत. पण लिहायला बसलो की डोक्यात तिडीक उठते, आणि ती एकाच घरापाशी जाऊन थांबते. त्या घरातली इसाबेलबाय गेल्या उन्हाळ्यापासून माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

त्याआधी आमचा धंदा समजून घ्या, म्हणजे मी कशावर चिडलोय ते कळेल.

आरओचं यंत्र म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, एक फार बारीक चाळण. पंप पाण्याला जोरानं त्या चाळणीवर ढकलतो. पाणी पलीकडे जातं, पाण्यात विरघळलेले क्षार अलीकडे राहतात. अलीकडे राहिलेलं खारट पाणी एका नळीनं सिंकमध्ये सोडतात. एक हंडा प्यायचं पाणी मिळवायला दोन-तीन हंडे असे गटारात जातात. ज्या शहरात लोक टँकरच्या मागे बादल्या घेऊन धावतात, त्याच शहरात हे चालतं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. खाडीकाठच्या खाऱ्या पाण्याला, बोअरिंगच्या मचूळ पाण्याला हे यंत्र लागतं, नाही असं नाही. नायगावच्या नव्या टॉवरांत मी ते बिनदिक्कत बसवलं. पण गोड्या विहिरीवर ते बसवणं म्हणजे धडधाकट माणसाला कुबड्या देणं. आणि मी ते शेकडो घरांत केलं.

कसं केलं तेही सांगतो. आमच्या डीलरनं आम्हाला एक खेळणं दिलं होतं. एक डबी, तिला चार सळ्या, दोन लोखंडाच्या आणि दोन अॅल्युमिनियमच्या. एका ग्लासात गिऱ्हाईकाचं नळाचं पाणी घ्यायचं, दुसऱ्यात आपलं आरओचं. सळ्या बुडवून वीज सोडली की मिनिटभरात नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ तरंगायला लागतो आणि आरओचं पाणी तसंच नितळ राहतं. घरातली बाई तोंडाला पदर लावते. म्हणते, अग बाई, हे आम्ही पोरांना पाजत होतो! ती तसं म्हणाली की यंत्र विकलं गेलंच म्हणून समजा. आता खरं ऐका. तो गाळ पाण्यातला नसतोच. ती सळी झिजून सुटलेली लोखंडाची घाण असते. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते आणि सळी झिजते. आरओच्या पाण्यात क्षारच नसतात, वीज वाहत नाही, म्हणून सगळं स्वच्छ. नालासोपाऱ्यात एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी माझा खेळ शांतपणे पाहिला आणि म्हणाल्या, "आता त्या चांगल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका बघू." मी सळ्या पुसल्या, डबी पिशवीत टाकली आणि दुसरीकडे जायचंय म्हणून सटकलो. जिन्यात माझे कान तापले होते. दुसऱ्या दिवशी सातिवलीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी तोच खेळ पुन्हा केला.

माझ्या स्वतःच्या घरात आरओ नाही. आमची केळीची वाडी आहे, तिच्यात विहीर आहे. बायको तेच पाणी गाळून, उकळून माठात भरते. गिऱ्हाईकांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

या धंद्यानं लोकांना आणखी एक खूळ लावलं. ते म्हणजे आकडा. खिशातल्या पेनाएवढं एक मीटर असतं. पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवतं, त्याला सगळे टीडीएस म्हणतात. हा आकडा फार मोठा नसावा, तसा फार लहानही नसावा. शंभरच्या आसपास पाण्याला चव असते. म्हणून यंत्रात एक छोटा स्क्रू दिलेला असतो. तो फिरवला की थोडं क्षार असलेलं पाणी पुन्हा मिसळतं आणि आकडा वर येतो. पण लोकांना वाटतं, जितका आकडा खाली तितकं पाणी शुद्ध. लग्नाला आलेले पाहुणे एकमेकांना विचारतात, तुमच्याकडे किती येतो? मी अशी माणसं पाहिलीत की ज्यांना स्वतःच्या आईच्या रक्तातली साखर किती ते ठाऊक नाही, पण टीडीएस तोंडपाठ आहे.

इसाबेलबायचा मुलगा रेमंड त्यातलाच.

आमच्या वाडीपासून सायकलवर दहा मिनिटांवर त्यांचं घर. इसाबेलबाय पंचाहत्तरी ओलांडलेली, ताठ, तोंडानं फटकळ. तिचं नाव घेतलं की आसपासच्या चार गावांत लोक आधी आल्याच्या वाईनचं बोलत. आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला आणि लग्नाला घरची वाईन लागते. कुणी जांभळांची करतं, कुणी द्राक्षांची, इसाबेलबाय आल्याची करायची. आलं ठेचून पाण्यात उकळायचं, साखर, लिंबं, मूठभर मनुका, दालचिनी, गार झालं की खमीर. मग चिनी मातीच्या मोठ्या बरणीत भरून तोंडाला फडकं बांधायचं आणि एकवीस दिवस रोज लाकडी डावानं एकाच दिशेनं ढवळायचं. लग्नात नवरा-नवरीच्या नावानं जो पेला उचलतात, त्यात घरची वाईन असावी असा रिवाज. माझ्या लहानपणापासून आमच्या घरी नाताळात तिची एक बाटली यायची. गणपतीत आमचे मोदक तिकडे जायचे.

रेमंडनं जुनं घर पाडून बंगला बांधला. अंगणातल्या विहिरीवर स्लॅब टाकला, पंप बसवला, पाणी टाकीत चढवलं आणि ओट्यावर आरओ लावायला मला बोलावलं. मी विहिरीच्या पाण्यात मीटर बुडवलं. जरा जड पाणी होतं, पण गोड. मी रेमंडला म्हटलं, "याला गाळणी आणि जंतू मारणारा दिवा पुरे. आरओ नको."

"राऊतभाऊ, बजेटचं टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "टॉपचं लावा."

मी टॉपचं लावलं. स्क्रू फिरवून आकडा एकशेदहावर आणून ठेवला. आठ दिवसांत त्याचा फोन आला. "अहो, माझ्या साडूकडे वीस येतो. आपल्याकडे एकशेदहा म्हणजे काहीतरी फॉल्ट आहे." मी समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, पण वीस करून द्या ना."

मी गेलो आणि स्क्रू पूर्ण आवळला. आकडा अठरा आला. रेमंडनं मीटरचा फोटो काढून साडूला पाठवला. इसाबेलबाय बाजूला उभी होती. मला म्हणाली, "राऊत, या पान्याला चवच नाय रे. पावसाच्या पन्हालीचं पानी पितो तसं वाटतं." मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "बाय, सवय होईल."

या एका वाक्यासाठी मला आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नाताळाच्या आधी तिनं वाईन घातली. त्या नाताळात घरात मोठी गडबड होती, कारण रेमंडच्या मुलीचं, ज्युडीचं, लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं आणि नाताळात नवऱ्याकडची माणसं पहिल्यांदा घरी येणार होती. रेमंडनं आईला बजावलं होतं, विहिरीचं कच्चं पाणी स्वयंपाकात अजिबात वापरायचं नाही, सगळं मशीनचं. तिनं ऐकलं. पाहुणे आले, पेले भरले. नवऱ्याच्या आईनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. ते साखरेचं पाणी होतं. गोड, चिकट, वर खमिराचा वास, आल्याचा झटका नाही की वाईनचा चढ नाही. रेमंडनं पाहुण्यांदेखत विचारलं, "आई, साखर दोनदा टाकलीस काय?" आणि मग त्यांच्याकडे वळून हसत म्हणाला, "सॉरी हां. आईचं हल्ली असंच होतं."

हे मला तिनंच सांगितलं, नंतर. तोवर तिनं दुसरी बरणी घातली होती. यावेळी ती स्वतःवरच पहारा ठेवून होती. साखरेचं एक माप टाकलं की एक चिंचोका वाटीत टाकायचा. लिंबाच्या सालीसुद्धा फेकल्या नाहीत, ओळीनं मांडून ठेवल्या. तीही वाईन तशीच झाली. चार-पाच दिवस फसफसली आणि मेली.

मग मात्र घरात न्यायनिवाडा झाला. सून म्हणाली, मागच्या आठवड्यात भाजीतही मीठ कमी होतं. रेमंडला आठवलं, आई चष्मा विसरते. ज्युडीला आठवलं, आजी तिला दोनदा तीच गोष्ट सांगते. ज्याला त्याला काही ना काही आठवायला लागलं. कुणाच्या आईला किंवा आजीला या गोष्टी लागू होत नाहीत ते मला दाखवा! तिला डॉक्टरकडे नेलं. लेकानंच सगळं सांगितलं, तिला फारसं कुणी विचारलं नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि त्या गोळ्यांनी ती दुपारची पेंगायला लागली. पेंगते म्हटल्यावर गॅसच्या शेगडीची बटणं काढून सुनेनं कपाटात ठेवली. ज्या बाईनं पन्नास वर्षं त्या घरात चूल पेटवली, तिला चहा हवा असेल तर सून उठेपर्यंत बसून राहावं लागायचं.

मी फिल्टर बदलायला गेलो तेव्हा घरात ती आणि मोलकरीण दोघीच होत्या. शेगडीला बटणं नाहीत हे मी पाहिलं. इसाबेलबायनं कपाटामागून एक वाटी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मोज," ती म्हणाली.

मी मोजले. आठ चिंचोके होते.

"आठ मापं साखर, आठ चिंचोके. मी चुकले नाय राऊत. तरी वाईन झाली नाय. मंग मना काय झालंय? मना समजत नाय असं काय झालंय मना?"

ती रडत नव्हती. घाबरलेली होती. त्या बाईला घाबरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आणि मी, बावीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस, जिच्या ओट्यावर मी माझ्या हातानं तो स्क्रू आवळला होता, तिला काय म्हणालो? म्हणालो, "वय झालं बाय. होतं असं. गोळ्या वेळेवर घ्या." फिल्टर बदलला, सही घेतली आणि निघालो.

पुढच्या महिन्यात नायगावला एका टॉवरमध्ये काम निघालं. कौस्तुभ नावाचा तिशीतला गडी, सॉफ्टवेअरमध्ये, एकटा राहणारा. त्याच्या बाल्कनीत स्टीलचे डबे, नळ्या, काचेचे बुधले. घरी बिअर करायचा छंद होता त्याला. त्याबद्दलचा कायदा काय आहे हे मी त्याला विचारलं नाही आणि तुम्हीही मला विचारू नका. मी मीटर बुडवलं, दहा आला. सवयीनं म्हटलं, "झकास आहे."

"हो, मला कोरंच पाणी हवं असतं काका," तो म्हणाला. त्यानं एक खण उघडला. आत पुड्या आणि पिटुकला तराजू. "मग यात मी क्षार टाकतो. मोजून. जिप्सम, एप्सम सॉल्ट, गरज पडली तर थोडा सोडा."

मला हसू आलं. "म्हणजे आम्ही काढायचे आणि तुम्ही परत घालायचे?"

"मग! नुसतं आरओचं पाणी घातलं तर खमीर रुसतं. त्यालाही खायला-प्यायला लागतं की. आणि दुसरं म्हणजे आंबवताना आम्ल तयार होतं. क्षार असले की ते आम्ल आवरतात. कोऱ्या पाण्याला आवरताच येत नाही. बिअरमध्ये धान्य असतं, ते थोडं सांभाळून घेतं. पण नुसतं साखर-लिंबाचं काही केलंत ना, तर चार दिवसांत इतकं आंबट होईल की खमीर गपगार. साखर तशीच शिल्लक."

"आल्याची वाईन?" मी विचारलं.

"तीच तर पहिली बंद पडेल," तो म्हणाला.

माझ्या हातातला पाना खाली पडला. खोटं नाही सांगत, त्याच्या नव्या लादीचा टवका उडाला. त्याला वाटलं मला चक्कर आली. मला डोळ्यांसमोर ती चिंचोक्यांची वाटी दिसत होती.

तिथून मी थेट रेमंडच्या घरी जायला हवं होतं. मी नाही गेलो. मला आधी खात्री करायची होती, असं मी स्वतःला सांगितलं. घरी दोन बरण्या मांडल्या. आलं तेच, साखर तीच, लिंबं मोजून सारखी, खमीर एकाच पुडीतलं. एकीत आमच्या विहिरीचं पाणी, दुसरीत गिऱ्हाईकाकडून कॅनमध्ये भरून आणलेलं अठराचं पाणी. बायको म्हणाली, "या वयात हे काय नवीन?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अहो, त्या बायला आधी जाऊन सांगा."

दोन्ही बरण्या पहिले तीन दिवस सारख्या फसफसल्या. पाचव्या दिवशी आरओची बरणी गप्प झाली. विहिरीची चालूच होती. माझ्या पिशवीत रंगाच्या थेंबांची एक बाटली असते. ते थेंब टाकले की पाणी किती आंबट ते रंगावरून कळतं. लोकांना घाबरवून महागडी कार्ट्रिज विकायला कंपनीनं ती दिलेली. दोन चमचे रस घेऊन त्यात थेंब टाकले. विहिरीचा नारिंगी झाला, आरओचा लालभडक. त्या बाटलीचा प्रामाणिक उपयोग मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

दोन्हीच्या बाटल्या भरून मी रेमंडकडे गेलो. तो, सून आणि इसाबेलबाय, तिघांना बसवलं. दोन पेले ओतले. काही न लपवता सांगितलं की विहीर चांगली, आईचा हात चांगला, माप चांगलं. आकडा अठरा केला तो मी, आणि त्यानं वाईन मारली.

इसाबेलबायनं दोन्ही पेले चाखले. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, प्रार्थना असावी. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती हसेल.

"राऊत," ती म्हणाली, "तुजं मशीन बंद पडलं तर तू पहिला प्लग तपासतोस, मंग पंप, मंग पानी. सगलं तपासतोस. वाईन बिघडली तवा या घरात फक्त मना तपासलं."

रेमंड खाली बघत होता. मग म्हणाला, "बरं झालं समजलं ते. मग वाईनसाठी विहिरीचा एक वेगळा नळ टाका. गोळ्यांचं डॉक्टर सांगतील तसं करू. गॅसचं लग्नानंतर बघू, आता घरात गर्दी असते." मला पोचवायला तो फाटकापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाहेर कुठे बोलू नका हां. एवढं महागाचं मशीन लावलं आणि लोक उगाच हसतील. तुमच्या पण धंद्याला बरं नाही ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याची आई वेडी आहे हे अख्ख्या गावाला सांगताना याला लोकांची लाज वाटली नाही, आणि मशीनचं हसू होईल म्हणून हा मला तोंड बंद ठेवायला सांगतोय! एवढं सगळं मनात आलं. तोंडातून निघालं, "बरोबर आहे तुमचं."

तिसरी बरणी इसाबेलबायनं ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत घातली. वेगळ्या नळाऐवजी मी विहिरीच्या स्लॅबला भोक पाडून हातपंप बसवला होता, त्याच्या पाण्यात. शेगडी तिला कुणी दिली नाही. तिनं मागच्या अंगणात तीन विटांवर आलं उकळलं. मी दर आठवड्याला काही ना काही निमित्त काढून जायचो. बरणीला कान लावला की आतून बारीक सरसर ऐकू यायची. एकविसाव्या दिवशी तिनं मला पेला दिला. पहिल्या घोटाला घशात आल्याची ठिणगी आणि मग सावकाश पसरणारी ऊब. तीच, लहानपणची.

"आता एक काम कर माजं," ती म्हणाली. "गावात सगल्यांना वाटतं माजं डोकं गेलंय. मासली इकनारी पन मना सुट्टे दोनदा मोजून देते. देवलात बायका माज्याशी हलू हलू बोलतात, पोराशी बोलतात तशा. मी सांगितलं तर कोन ऐकनार? तू सांग. लग्नात चार मानसं असतील. तू पान्याचा मानूस, तुजं ऐकतील."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"बाय, शब्द दिला."

चर्चजवळच्या मैदानात मांडव होता. बँड, दिवे, दोन्हीकडची मिळून पाचशे माणसं. मी आणि बायको डाव्या बाजूच्या टेबलावर बसलो होतो. सभोवती नजर टाकली तर जिकडेतिकडे माझी गिऱ्हाईकं. या डॉक्टरांकडे मी बसवलेलं, त्या शाळेत मी बसवलेलं, पलीकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे पुढच्याच आठवड्यात चाळीस घरांची ऑर्डर बोलायची होती. आमचा डीलरही सहकुटुंब आला होता. हात उंचावून मला नमस्कार करत होता.

पेले भरले गेले. माइकवरच्या माणसानं सांगितलं, वाईन आजीच्या हातची आहे. लोकांनी चाखली आणि वाहवा सुरू झाली. रेमंड सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला, "आपली आई आहे शेवटी!" इसाबेलबाय पुढच्या रांगेतून मान वळवून माझ्याकडे बघत होती. बायकोनं मला कोपर मारलं. "उठा," ती म्हणाली. मी म्हटलं, "थांब, जेवणं होऊ देत."

इसाबेलबायनं थोडी वाट पाहिली. मग ती स्वतः उठली, काठी टेकत माइकपाशी गेली आणि त्या माणसाच्या हातातून माइक घेतला.

"वाईन चांगली झाली ना?" तिनं विचारलं. मांडव ओरडला, झाली! "नातालाच्या वक्ताला नाय झाली. मंग सगले म्हनाले, इसाबेलचं डोकं बिघडलं. मना गोल्या दिल्या. माजी शेगडी काढून घेतली. माजं डोकं नवतं बिघडलं. पानी बिघडलं होतं. मशीननं. तो राऊत बसलाय तिथं, त्यानं बिघडवलं होतं. त्याला इचारा."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. डीलरचंही. रेमंड पुढे झाला, आईच्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाला, "आमची आई म्हणजे ना!" आणि मग हशा फुटला. म्हातारीनं पाणीवाल्याची काय फिरकी घेतली, असं सगळ्यांना वाटलं. कुणीतरी शिट्टी मारली. माझ्या शेजारचा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "राऊतशेठ, पकडलं तुम्हाला!"

इसाबेलबाय हसली नाही. माइक हातात धरून ती माझ्याकडे बघत उभी होती. मी उठतो का, याची वाट बघत होती.

बाय खरं बोलतेय. एवढंच म्हणायचं होतं. माइकसुद्धा लागला नसता, माझा आवाज मोठा आहे. बायको माझ्याकडे बघत होती. मी हसलो, सगळ्यांसारखाच, आणि टाळ्या वाजवायला लागलो.